ऋषिकेश की हृषीकेश? इंदुरात नाव ठेवताना

मुलाचं नाव ऋषिकेश ठेवायचं ठरलं, तरी इंदूरच्या मराठी घरात एक प्रश्न उरतोच: ऋ ने लिहायचं की हृ ने?

अर्थाकडे पाहिलं तर निकाल चटकन लागतो. मूळ शब्द हृषीकेश. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश. संध्येच्या चोवीस नावांत तो दहावा, श्रीधरानंतर आणि पद्मनाभाआधी, विष्णुसहस्रनामात 47वा. ऋषिकेशची फोड करायला गेलं तर 'ऋषींचे केस' हाती येतात. पण गंगाकाठच्या गावाच्या पाटीवरही आता तेच रूप आहे, त्यामुळे त्याला चूक म्हणणं मला पटत नाही. जन्माक्षर पाहणाऱ्यांसाठी मात्र फरक मोठा: ऋ ला री धरा की रू, रास तूळच, हृ घेतला की कर्क.

आम्हाला ऋषिकेश सोडायला लावलं ते इंग्रजी स्पेलिंगने. ऋ चा उच्चार आपण रु करतो, हिंदीत रि होतो. त्यामुळे घरात 'रुषी' आणि वर्गात 'रिशी'. आर-यू ने लिहून दिलं, तर इथला ऑपरेटर त्यावरून हिंदीत 'रुशिकेश' टाइप करतो; ऋ जातो आणि ष सुद्धा. आर-आय ने दिलं, तर हिंदी नीट उमटतं, पण पुण्याचे काका रेल्वेचं तिकीट काढताना सवयीने यू घालतात. आधारवर एक, तिकिटावर दुसरं. एका अक्षराची ही कटकट जन्मभराची.

हृषीकेशला एच-आर-आय हे स्पेलिंग बरंच रुळलेलं आहे. दिग्दर्शक मुखर्जी बंगाली, क्रिकेटपटू कानिटकर मराठी, दोघांचं तेच. एच-आर-यू लिहिणारे आहेत, पण माझ्या पाहण्यात कमी.

त्रास यातही आहेत. फोनवर ह ऐकूच जात नाही; 'हृदय वाला हृ' असं सांगितलं की काम होतं. हिंदी हजेरीत नाव थेट शेवटी जातं. आणि टाइप करताना हृ चा ह्र होतो. ह ला ृ ची मात्रा दिली तर हृ. ह, हलंत, र असं केलं तर ह्र. दिसायला जवळजवळ सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं वेगळी, म्हणून शोधताना नोंद सापडत नाही. पण हा दोष एकदा बरोबर लिहून घेतला की संपतो. यू-आयचा वाद तसा संपत नाही, म्हणून माझा कल हृषीकेशकडे.

दवाखान्याच्या फॉर्मवर घाईने नाव घालू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण ती नावाशिवायही होते. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क चढवता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा तिथली चूक सगळीकडे जाते. नाव तोंडी सांगू नका. दोन्ही लिप्यांत ठळक छापलेला कागद द्या, आणि दाखला निघण्याआधी स्क्रीनवर तीन अक्षरं तपासा: हृ, दीर्घ षी, शेवटचा श.