माध्यमिक वर्गांसाठीचा लाकडी गणित संच : एका शिक्षकाचा अभिप्राय

सांगलीतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून आमच्या शाळेने आठवी ते दहावीसाठी लाकडी गणित संच घेतला. वर्गात त्याचा पुरेसा वापर झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

संचातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वर्तुळफळी. तिच्या परिघावर समान अंतरावर २४ खिळे असल्याने लगतच्या दोन खिळ्यांमधील कंस १५ अंशांचा होतो. सहा घरांच्या अंतरावरील दोन खिळे आणि केंद्र यांना रबर बँड लावला, की केंद्रापाशी काटकोन होतो; तोच रबर बँड केंद्रावरून काढून मोठ्या कंसावरील कोणत्याही खिळ्यात अडकवला, तरी कोन ४५ अंशांचाच भरतो. मुले खिळे बदलून बदलून पाहतात, कोन काही हलत नाही. लहान कंसावरील खिळा घेतला, की मात्र तो १३५ अंशांचा होतो, आणि या दोहोंची बेरीज कुणीतरी आपणहून करतेच. चक्रीय चौकोनाचे प्रमेय (चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या चौकोनाच्या समोरासमोरील कोनांची बेरीज १८० अंश असते) फळ्यावर मांडण्याआधीच मुलांच्या हाती लागलेले असते.

बीजगणिताच्या पट्ट्या अपुऱ्या आहेत. क्ष² + ५क्ष + ६ चा आयत नीट जुळतो आणि त्याच्या बाजू क्ष + २ व क्ष + ३ आहेत हे दिसते. परंतु क्ष² − क्ष − ६ आले, की गाडी अडते, कारण पट्ट्यांच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असल्याने ऋण पदे दाखवता येत नाहीत. आम्ही एका बाजूस लाल कागद चिकटवून घेतला.

पायथागोरसच्या प्रमेयासाठी हेन्री पेरिगल यांची एकोणिसाव्या शतकातील रचना घेतली आहे. मोठ्या भुजेवरील चौरसाचे, त्याच्या मध्यातून कर्णाला समांतर व लंब रेषा काढून केलेले चार एकरूप तुकडे आणि लहान भुजेवरील अखंड चौरस मिळून कर्णावरील चौरस भरतो. निवड उत्तमच, पण तुकड्यांवर क्रमांक छापून उत्पादकाने कोड्यातील गंमत घालवली आहे. ते पॉलिश पेपरने घासून टाकावेत.

शंकू आणि वृत्तचिती ठीक आहेत. घनफळ मोजताना ज्वारीऐवजी बारीक वाळू घ्यावी.

एका संचाभोवती पाच-सहा मुलांनाच हात लावता येतो, त्यामुळे साठ जणांच्या वर्गाला तो पुरत नाही. दुकानदार वर्तुळफळ्या सुट्याही देतो; एक संच आणि आठ-दहा फळ्या अशी मागणी नोंदवणे शाळांना अधिक सोयीचे ठरेल.