जीआरईच्या शब्दांसाठी पाच कप्प्यांचा डबा : सात महिने वापरल्यानंतर

चपलांच्या खोक्यात चार आडवे पुठ्ठे बसवले की पाच कप्पे होतात. जूनपासून जानेवारीपर्यंत जीआरईचे, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचे, इंग्रजी शब्द मी या खोक्यातूनच पाठ केले. दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मराठी माध्यम, पुढे सिव्हिल इंजिनीअरिंग, आणि मग बार्शीत घरी राहून परीक्षेची तयारी. गणिताची चिंता नव्हती. व्हर्बलची, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाची, मात्र धास्तीच होती.

पद्धत जुनी आहे. विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर यांनी ती १९७२ साली मांडली. नव्या शब्दाचं कार्ड पहिल्या कप्प्यात टाकायचं. अर्थ आठवला तर ते पुढच्या कप्प्यात जातं, चुकला तर असेल तिथून थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा मी रोज काढायचो, दुसरा दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि नंतर मंदावतं. म्हणून आधी वारंवार आणि मग लांबलांबच्या अंतराने उजळणी. डबा एवढंच करतो, पण ते चोख करतो.

त्याआधी महिनाभर एक तयार ॲप वापरलं होतं. रोज वीस शब्द, तयार अर्थ, तयार वाक्यं. अंगठा भराभर चालायचा आणि महिन्याअखेरी ते शब्द फक्त ओळखीचे वाटायचे. वाक्यात समोर आले की अर्थ हाताला लागत नसे. कार्ड स्वतः लिहायला घेतलं तसा फरक पडला. एका कार्डाला चार-पाच मिनिटं लागतात: पुढे शब्द, मागे अर्थ, वाचनात सापडलेलं एक वाक्य, जमलं तर शब्दाची व्युत्पत्ती. रोज वीसचा हट्ट सोडून मी बारावर आलो, पुढे आठवर. एकूण आठशे चाळीस कार्डं झाली. कागद म्हणून घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापले. ते जाड असतात, कोपरे लवकर दुमडत नाहीत. सगळा खर्च पन्नास-साठ रुपये.

सगळ्यात मोठा फायदा मात्र ठरवून झाला नाही, तो आईमुळे झाला. आई सातवी शिकलेली. संध्याकाळी भाजी निवडताना ती कार्डाची मागची बाजू वाचायची आणि मी इंग्रजी शब्द सांगायचो. ‘टॅसिटर्न’च्या मागे शब्दकोशातून उतरवलेलं होतं, ‘मितभाषी’.

“मितभाषी म्हणजे?”

“कमी बोलणारा.”

“मग तो चांगलाच की. आपले अण्णा कमी बोलायचे, पण बोलले की नेमकं. आणि पलीकडच्या आळीतला तो, चार वेळा हाक मारली तरी हूं की चूं नाही, तो घुमा. दोघं एक कसे होतील?”

मी ‘मितभाषी’ खोडून ‘घुमा’ लिहिलं आणि तो शब्द पुन्हा कधी चुकला नाही. शिवाय जीआरईत नेमकं हेच लागतं. शब्दाचा अर्थ ढोबळ कळून भागत नाही. तो कौतुकाने वापरलाय की नाक मुरडून, हे कळावं लागतं. ‘फ्रूगल’ आणि ‘पार्सिमोनियस’ या दोन्हींना मी ‘काटकसरी’ लिहिलं होतं. आई म्हणाली, काटकसरी वेगळा आणि चिक्कू वेगळा. पहिला संसार सांभाळतो, दुसरा पाहुण्याला चहा विचारत नाही.

त्यानंतर मी सगळी कार्डं नव्याने तपासली, आणि शब्दकोशातल्या जड शब्दांपेक्षा घरातली मराठी किती नेमकी आहे हे कळत गेलं. ‘इक्विव्होकेट’ म्हणजे गुळमुळीत बोलणं. ‘प्रोलिक्स’ म्हणजे पाल्हाळ लावणारा. ‘डिमर’ करणं म्हणजे आढेवेढे घेणं. ‘ऑब्सिक्वियस’ माणूस लांगूलचालन करतो, आणि त्या शब्दात शेपूट हलवणारं कुत्रं आधीपासून उभंच आहे. ‘रूमिनेट’ला तर शोधावंही लागलं नाही. मूळ अर्थ रवंथ करणं, आणि मनात एखादी गोष्ट घोळवत बसणाऱ्याला आपणही रवंथच करतो म्हणतो. ‘डेसल्टरी’ हा रोममधल्या कसरतपटूंवरून आलेला शब्द. ते धावत्या एका घोड्यावरून दुसऱ्यावर उडी घ्यायचे. आमच्याकडे त्याला धरसोड म्हणतात. मराठी माध्यमामुळे आपण मागे आहोत असं वाटणाऱ्या प्रत्येकाला मला हे कळकळीने सांगायचं आहे: हा साठा तुमच्याकडे आहे, तो वापरा.

फसवे शब्दही डब्याने चांगले पकडले. ‘एनर्व्हेट’ ऐकायला एनर्जीसारखा, पण अर्थ त्राण काढून घेणं. ‘रेस्टिव्ह’मध्ये रेस्ट दिसतो, अर्थ मात्र अस्वस्थ, चुळबुळणारा. ‘एग्रीजियस’ आणि ‘ग्रिगेरियस’ दोन्ही लॅटिनमधल्या कळपावरून आले. ‘ग्रिगेरियस’ कळपात रमणारा, ‘एग्रीजियस’ कळपातून उठून दिसणारा, आणि आज तो फक्त वाईटपणानेच उठून दिसतो. ही जोडी मी एकाच कार्डावर घेतली.

आता त्रास. ऑगस्टमध्ये कार्डं सर्दावली आणि एकमेकांना चिकटली, शाई उतरली. सत्तर-ऐंशी पुन्हा लिहावी लागली. गणपतीत सहा दिवस डबा उघडला नाही, तर परतल्यावर दोनशेवर कार्डं वाट पाहत होती. ती एका बैठकीत उरकायचा प्रयत्न केला आणि निम्मी चुकली. साचलेलं चार दिवसांत वाटून घ्यावं. उच्चार कार्डावर ऐकू येत नाही, तो मोबाइलवर ऐकावाच लागतो. आणखी एक गोष्ट लक्षात यायला दोन महिने गेले. पत्रिका वेगवेगळ्या रंगांच्या असल्याने गुलाबी कार्ड दिसलं की मला ‘एग्रीजियस’चा अर्थ आठवायचा. शब्द नाही, रंग पाठ झाला होता. अशी कार्डं पांढऱ्या कागदावर नव्याने केली. तुम्ही सुरुवातीपासून एकाच रंगाचा कागद घ्या.

डब्याची खरी मर्यादा वेगळीच आहे. त्यात आपण तेच शब्द टाकतो जे येत नाहीत हे आपल्याला माहीत असतं. माझे सगळ्यात जास्त गुण मात्र ‘येणाऱ्या’ शब्दांवर गेले. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं, हे शाळेपासूनचं. पण उताऱ्यात लेखक पाठिंबा ‘क्वालिफाय’ करतो तेव्हा तो त्याला अट जोडतो, मर्यादा घालतो. ‘टेम्पर’ म्हणजे तिथे राग नव्हे, सौम्य करणं. ‘सँक्शन’ मंजुरीही आणि निर्बंधही. हे सराव प्रश्न चुकल्यावरच कळलं. मग अशा साध्या शब्दांची साठेक कार्डं केली. पूर्ण डब्यात तीच मला सर्वांत मोलाची वाटतात.

एका सीनिअरने दिलेल्या झेरॉक्स यादीवरही मी पहिले तीन आठवडे घालवले. ती विरुद्धार्थी शब्द आणि साधर्म्याचे प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती, आणि ते प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच परीक्षेतून गेले. आता रिकाम्या जागा आणि उतारे असतात. दोन-तीन जागांच्या प्रश्नात एक जरी चुकली तर शून्य. सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात तिथे एकमेकांचे समानार्थी असलेले, पण वाक्यात न बसणारे दोन शब्द मुद्दाम ठेवलेले असतात. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा लहान झाली: व्हर्बलचे २७ प्रश्न, ४१ मिनिटं. प्रश्नाला दीड मिनिट. तेवढ्यात शब्द आठवत बसायला वेळ नसतो, तो आपोआप यायला लागतो. म्हणून चौथ्या महिन्यापासून मी अर्धा तास डब्याला आणि तासभर वाचनाला दिला, आणि हा बदल पहिल्या महिन्यापासूनच करायला हवा होता.

माझे व्हर्बलचे आकडे असे: ईटीएसच्या (परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) मोफत पॉवरप्रेप सराव चाचणीत सुरुवातीला १४७, तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या चाचणीत १५३, जानेवारीत प्रत्यक्ष परीक्षेत १५९. श्रेणी १३० ते १७० असते. मला हवं होतं तेवढं मिळालं. परीक्षेला पाच महिने असतील तर डबा नक्की करा. तीन आठवडेच उरले असतील तर करू नका. कार्डं पाचव्या कप्प्यात पोचणारच नाहीत, तो वेळ सराव प्रश्नांना द्या.

मावसभावाने डबा मागितला आहे. कप्पे बसवलेला खोका त्याला देतोय. कार्डं माझ्याकडेच ठेवतोय. त्याची त्याने लिहावीत, आणि मागची बाजू मावशीकडून वाचून घ्यावी.