फ्रीपीबीएक्सचा व्हॉइसमेल: लाइन पुरते, डिरेक्टरी अडते

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, नवी पेठेत ऑफिस, मिळून पन्नासेक एक्स्टेंशन (आतले फोन नंबर). एवढ्या पसाऱ्याला फ्रीपीबीएक्स या फोन एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरचा व्हॉइसमेल (फोन न उचलल्यास आवाजी निरोप साठवणारी सोय) पुरून उरतो, आणि मूळ सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. विकणारा मात्र आधी इंटरनेटची मोठी लाइन घ्यायला लावतो. त्याची गरज क्वचितच असते.

हिशोब साधा आहे. जी.711 या नेहमीच्या आवाज-पद्धतीचा एक कॉल इथरनेटवर एका दिशेला सुमारे 87 केबीपीएस खातो. एकाच वेळी चौघे निरोप ठेवत असले तरी 350 केबीपीएस. साध्या वॅव्ह फाइलमध्ये मिनिटभराचा निरोप 1 एमबीच्या आत बसतो. 50 मेलबॉक्स, प्रत्येकी 20 मिनिटं धरली तरी 1 जीबी. त्यापेक्षा फोनांना वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) द्या, आवाजाच्या पॅकेटला डीएससीपी 46 ही 'आधी सोडा' अशी खूण लावा आणि राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे कॉलच्या पॅकेटमध्ये फेरफार करणारी सोय, बंद करा. ते चालू राहिलं की आवाज एकतर्फी होऊ शकतो आणि मेलबॉक्समध्ये कोरे निरोप साचतात. नेटवर्कचा स्विच यूपीएसवर हवा. सर्व्हरचा रॅक लूमच्या (यंत्रमागाच्या) शेडमध्ये ठेवू नका; सुताचा भुगा पंख्यात बसतो, वर सोलापूरचा मे महिना.

खरी परीक्षा डिरेक्टरीची, म्हणजे माणसांच्या यादीची. फ्रीपीबीएक्सचं युजर मॅनेजमेंट मॉड्यूल ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (विंडोज नेटवर्कवरच्या खात्यांच्या यादीतून) माणसं उचलतं. सिस्को युनिटी या जुन्या व्हॉइसमेलसारखा स्कीमा (यादीचा साचा) वाढवावा लागत नाही, वाचायचा हक्क पुरतो; हा मोठा गुण. पण सर्व्हरचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) डोमेन कंट्रोलरकडेच, म्हणजे ही यादी सांभाळणाऱ्या विंडोज सर्व्हरकडेच, वळवा. तिथे गूगलचा सार्वजनिक 8.8.8.8 टाकला तर आतलं डोमेन त्याला सापडणारच नाही. जोडणीसाठी वेगळं खातं काढा आणि त्याचा पासवर्ड कधीच संपणार नाही असा ठेवा. विंडोजच्या मूळ धोरणात पासवर्ड 42 दिवसांनी संपतो. मग यादी जुळवणारं सिंक बंद पडतं आणि नवा माणूस यादीत दिसत नाही तोपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. सगळं डोमेन ओढू नका, एकच ओयू (डोमेनमधला खात्यांचा गट) द्या, नाहीतर स्कॅनरची खातीही माणसं म्हणून येतील.

एक्स्टेंशन कुठल्या रकान्यातून घ्यायचं हे आधी ठरवा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या टेलिफोन नंबरच्या रकान्यात बहुतेकांनी 0217 सकट पूर्ण नंबर भरलेला असतो, म्हणून आयपी फोनचा रकाना वापरलेला बरा. मेलबॉक्सचा ईमेल एक्स्टेंशनच्या व्हॉइसमेल टॅबमध्ये असतो, तोही तपासा. तिथेच एक घातक जोडी आहे: 'डिलीट व्हॉइसमेल' चालू आणि 'अटॅचमेंट' बंद. असं झालं तर मेल जातो, ऑडिओ जात नाही आणि निरोप कायमचा पुसला जातो.

नावावरून शोधायची सोय इथे लंगडी पडते. येमूल हे आडनाव इंग्रजीत वायने लिहायचं की ईने? फोनच्या बटणांवर वाय 9 वर, ई 3 वर. डिरेक्टरीत एक आणि फोन करणाऱ्याच्या मनात दुसरं असलं की माणूस सापडत नाही. त्यापेक्षा विभागांचा मेनू ठेवा: 1 विक्री, 2 डिस्पॅच, 3 हिशोब. फ्रीपीबीएक्स ज्यावर चालतं त्या ॲस्टेरिस्कच्या मूळ आवाजसंचात मराठी नाही. स्वागताचा निरोप मराठी-तेलुगूत 8 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो वॅव्ह करून चढवता येतो, पण 'मेलबॉक्स', 'पासवर्ड' वगैरे सूचना इंग्रजीतच ऐकू येतात. फोनजवळ कार्ड चिकटवा: *97 स्वतःची मेलबॉक्स, *98 दुसऱ्या फोनवरून.

लूमजवळून निरोप ठेवणाऱ्याचा फोन नीट कट झाला नाही तर रेकॉर्डिंग थांबत नाही. खडखडाटाला शांतता समजायला यंत्र तयार नसतं. म्हणून निरोपाची कमाल मर्यादा 120 सेकंद ठेवा. एका फोल्डरमध्ये 100 निरोपांची मूळ मर्यादा असते. डिस्पॅचची मेलबॉक्स दिवाळीच्या तोंडावर तिथे सहज पोचते.

टाइमझोन एशिया-कोलकाता नसून यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर निरोपाची वेळ साडेपाच तास मागची सांगितली जाते. गिऱ्हाइकाने सकाळी अकराला बदललेली ऑर्डर मग पहाटे साडेपाचची दिसते.

चाटी गल्लीतल्या चार फोनांच्या दुकानाला हे घेऊ नका, मोबाइल बरा. बाकीच्यांनी चालू करण्याआधी बाहेरच्या मोबाइलवरून निरोप ठेवून बघावा: फोनचा दिवा लागला का, मेल आला का, आणि निरोप ऐकल्यावर दिवा विझला का.