गोझो बेटावर काही महिने: समुद्र, सायकल आणि जेवण यांचा अनुभव

माल्टा देशातील गोझो हे बेट लांबीला सुमारे १४ आणि रुंदीला सुमारे ७ किलोमीटर आहे, आणि बहुतेक प्रवासी ते एका दिवसात उरकतात. कामानिमित्त माल्टात असल्यामुळे मला वसंत ऋतूपासून डिसेंबरपर्यंत गोझोवरच घर भाड्याने घेऊन राहता आले, आणि त्या काळात बेटावर फिरण्याचे माझे मुख्य वाहन सायकल होते. एवढ्या वास्तव्यानंतर माझे मत असे झाले आहे की येथील समुद्र आणि येथील सायकल यांचे महिने वेगळे आहेत. जुलै-ऑगस्टचे तिकीट काढून दोन्हींची अपेक्षा करणाऱ्याला समुद्र मिळेल. सायकल मात्र बहुधा घराच्या भिंतीला टेकून उभी राहील.

सायकलीविषयी आधी लिहितो, कारण जाहिरातींतील चित्र आणि प्रत्यक्ष रस्ता यांत सर्वाधिक अंतर येथेच आहे. गोझोची बहुतेक गावे सपाट माथ्याच्या टेकड्यांवर वसलेली आहेत आणि समुद्र त्यांच्या मधल्या दऱ्यांच्या तोंडाशी आहे. त्यामुळे पोहायला जाताना उतार आणि ओले कपडे घेऊन परतताना चढ, हा क्रम जवळजवळ प्रत्येक किनाऱ्याला लागू पडतो. बेटाचा सर्वांत उंच भाग २०० मीटरही भरत नाही, हा आकडा वाचून फसू नये. चढ लांब नसले तरी अनेक ठिकाणी भलतेच तीव्र आहेत. शारा गावाहून राम्लाच्या किनाऱ्याकडे उतरणारा रस्ता किंवा आस्रीजवळ १८५३ साली उभारलेल्या जॉर्डन दीपगृहाकडे चढणारा रस्ता साध्या, एकाच गिअरच्या सायकलीवर करण्यासारखा नाही. बॅटरीवर चालणारी सायकल भाड्याने मिळते, आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांनी तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात कमीपणा मानू नये.

भारतातून येणाऱ्याला एक सोय आपोआप मिळते: ब्रिटिश अमलाच्या वारशामुळे येथे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे चौकात आणि वर्तुळाकार नाक्यावर मान कोणत्या बाजूला वळवायची हे नव्याने शिकावे लागत नाही. इंग्रजी ही देशाची एक अधिकृत भाषा असल्याने फलक वाचण्याचीही अडचण येत नाही. मात्र इम्जार बंदर ते बेटाचे मुख्य शहर व्हिक्टोरिया हा मुख्य रस्ता फेरीबोट लागली की मोटारींनी भरून जातो. तो टाळून गावांमधल्या अरुंद शेतरस्त्यांनी जावे. हे रस्ते चुना न वापरता रचलेल्या दगडी गडग्यांच्या मधून जातात आणि काही ठिकाणी डांबर पार उखडलेले असते, तरी तेथे वर्दळ नसते. शरद ऋतूतील पहिल्या पावसानंतर फार सावध राहावे लागते, कारण उन्हाळाभर साचलेली धूळ आणि गुळगुळीत झालेला पृष्ठभाग ओला होताच टायर धरत नाही.

मला सर्वांत आवडलेला मार्ग मार्सालफोर्नपासून किनाऱ्याकिनाऱ्याने श्वेयनीच्या मिठागरांकडे जातो. हा बेटावरच्या मोजक्या सपाट रस्त्यांपैकी एक आहे. एका बाजूला वाऱ्याने कोरलेले पिवळसर कडे आणि दुसऱ्या बाजूला खडकात खोदलेल्या मिठागरांची जाळी दिसते. उन्हाळ्यात तेथील कुटुंबे आजही हाताने मीठ गोळा करतात आणि रस्त्याकडेलाच पिशव्या विकतात. दुसरा मार्ग सन्नातहून ता चेंचच्या कड्यांकडे जाणारा. तेथे दगडात उमटलेल्या प्राचीन चाकोऱ्या आहेत, सावली मात्र एका झाडाचीही नाही. म्हणून हा मार्ग मार्च-एप्रिलमध्ये, रानफुलांच्या दिवसांत करावा.

किनाऱ्यांच्या बाबतीत वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नये, हे स्थानिक लोकांकडून मी लवकरच शिकलो. राम्लाचा विस्तीर्ण, तांबूस वाळूचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे. वायव्येचा माजिस्त्राल वारा सुटला की तेथे लाटा उसळतात आणि खालून ओढ लागते. अशा दिवशी दक्षिणेकडच्या इम्जार इश-शिनी या चिंचोळ्या खाडीत किंवा कोमिनो बेटासमोरील होन्डोक येथे पाणी बऱ्याचदा शांत असते. आग्नेयेकडून ‘श्लोक’ नावाचा वारा आला की हिशेब उलटतो आणि राम्ला व सान ब्लास पोहण्याजोगे होतात. सान ब्लास लहान आणि अधिक देखणा आहे, परंतु तेथे उतरणारा सिमेंटचा रस्ता इतका उभा आहे की सायकल वरच ठेवून चालत जाणे शहाणपणाचे. जांभळ्या रंगाचे दंश करणारे जेलीफिशही वाऱ्याबरोबरच येतात आणि जातात, त्यामुळे पाण्यात शिरण्यापूर्वी आधीच पोहत असलेल्यांना विचारून घ्यावे.

वाळूचे किनारे येथे थोडेच आहेत हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. उरलेल्या बऱ्याच ठिकाणी खडकावरून शिडीने थेट खोल पाण्यात उतरावे लागते, आणि लहान मुले किंवा पोहता न येणारी मंडळी बरोबर असतील तर श्लेंडी व मार्सालफोर्न सोयीचे वाटले तरी तेथे वाळूची पट्टी फार छोटी आहे. ड्वेयरा येथील प्रसिद्ध नैसर्गिक कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली, तरीही जुनी छायाचित्रे अजून फिरत असतात. आता तेथे जाण्याचे कारण म्हणजे पाण्याखाली डायव्हिंग करणाऱ्यांचे आवडते ब्लू होल हे खडकातील खोल विवर आणि बोगद्यातून समुद्राला जोडलेले आतले तळे.

जेवणाने माझी अपेक्षा ओलांडली, विशेषतः बेकरीने. नादुर गावातील लाकडावर तापणाऱ्या भट्ट्यांत मिळणारा गोझोचा फ्तीरा म्हणजे आंबवलेल्या कणकेच्या पातळ थरावर बटाट्याचे काप, टोमॅटो, केपर (खारवलेल्या कळ्या) आणि मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचे जबेयना चीज घालून भाजलेला प्रकार. त्यात बहुधा खारवलेले अँकोव्ही मासे असतात, म्हणून शाकाहारी व्यक्तीने मागणी नोंदवतानाच ते वगळायला सांगावे. बिजिल्ला हा वाटलेल्या कडधान्याचा लसणीचा लगदा तर आपल्याकडच्या घट्ट उसळीच्या रश्शाचा जवळचा नातेवाईक वाटतो, आणि पावाबरोबर त्यावर एक वेळचे जेवण सहज होते. ताजे, सुकवलेले आणि मिरी लावलेले असे जबेयनाचे तिन्ही प्रकार चाखावेत. मिरीचा प्रकार प्रवासात टिकतो. रिकोटा चीजचे किंवा वाटाण्याचे सारण भरलेले पास्तित्सी हे पापुद्र्याचे खाद्य स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध आहेत, परंतु पारंपरिक कृतीत चरबी वापरली जात असल्याने चौकशी करणे बरे.

मासे खाणाऱ्यांनी मात्र ऑगस्टच्या मध्यानंतरच यावे. लाम्पुकीचा हंगाम तेव्हा सुरू होऊन साधारण डिसेंबरपर्यंत चालतो. पाण्यावर ताडाच्या झावळ्यांचे तराफे नांगरून ठेवतात, त्यांच्या सावलीत हे मासे जमतात आणि कोळी त्यांना तेथेच जाळ्यात घेतात. ताजा लाम्पुकी केपर-टोमॅटोच्या रश्शात किंवा पालक व फ्लॉवर घालून केलेल्या पायमध्ये खावा. बंदराकाठच्या उपाहारगृहांपेक्षा गावच्या चौकातील साध्या ठिकाणी तो मला अधिक चांगला आणि स्वस्त मिळाला. नळाचे पाणी मुख्यतः समुद्राचे पाणी गोडे करून पुरवले जाते. ते पिण्यास चालत असले तरी चव मला रुचली नाही, आणि सायकलीवर निघताना दोन बाटल्या भरून घेणे मी कधी टाळले नाही.

महिन्यांचा हिशेब करायचा तर मेचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे दोनच काळ असे आहेत की सकाळी सायकल आणि दुपारी पोहणे दोन्ही सुखाने जमते. त्यांतही ऑक्टोबर सरस, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हाही कोमट असतो, मेमध्ये मात्र पाण्याचा पहिला स्पर्श बोचतो. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी लवकर परतले नाही तर उन्हाने जीव हैराण होतो. त्या महिन्यांत गावोगावी उत्सव असतात. रोषणाई आणि बँड पाहण्यासारखे असले तरी शोभेच्या दारूचे बार सकाळपासून उडतात, त्यामुळे हलकी झोप असणाऱ्याने चर्चपासून दूर घर घ्यावे.

पोहोचण्याची व्यवस्था सोपी आहे. माल्टाच्या मुख्य बेटावरील चिर्केव्वा बंदराहून फेरी सुमारे २५ मिनिटांत इम्जारला लागते, सायकल तिच्यातून नेता येते, आणि भाडे जाताना नव्हे तर गोझोहून परतताना घेतले जाते. २०२१ पासून देशाची राजधानी व्हॅलेटाहून थेट जलद बोटही आहे. जोराच्या वाऱ्यात जलद बोटी आधी आणि कधी कधी मोठी फेरीसुद्धा बंद राहते, म्हणून हिवाळ्यात विमान पकडायचे असेल तर आदल्या दिवशीच माल्टाच्या मुख्य बेटावर मुक्कामाला जावे.