जावामध्ये फाइल लिहिताना: फाइलआउटपुटस्ट्रीम की फाइलरायटर?

फाइल लिहिण्यासाठी जावात फाइलआउटपुटस्ट्रीम आणि फाइलरायटर हे दोन वर्ग आहेत. डिस्कवर शेवटी बाइटच लिहिले जात असल्याने या निवडीतला मुख्य प्रश्न एवढाच उरतो, की अक्षरांचे बाइट कोणी आणि कोणत्या एन्कोडिंगने (अक्षरांचे बाइटांत रूपांतर करण्याच्या नियमाने) करायचे. फाइलआउटपुटस्ट्रीम ती जबाबदारी घेत नाही. त्याच्या एकच पूर्णांक स्वीकारणाऱ्या राइट मेथडला 'अ' दिल्यास कंपायलर हरकत घेत नाही, मात्र त्या अक्षराच्या सांकेतिक मूल्याचे फक्त शेवटचे आठ बिट फाइलमध्ये जातात आणि 'अ' नाहीसा होतो. मजकूर याच मार्गाने लिहायचा असेल, तर स्ट्रिंगवर गेटबाइट्स वापरून यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्या लिहू शकणारे एन्कोडिंग) स्पष्टपणे मागावे लागते; 'मराठी' या शब्दाचे तेव्हा पंधरा बाइट होतात.

फाइलरायटर हे रूपांतर स्वतः करतो, पण त्याची सोय फसवी होती. २०१८ सालच्या जावा ११ पूर्वी त्याच्या कन्स्ट्रक्टरला एन्कोडिंग सांगण्याची सोयच नव्हती आणि तो यंत्रावरचे डीफॉल्ट एन्कोडिंग घेत असे. विंडोज-१२५२ (देवनागरी अक्षरे नसलेले एन्कोडिंग) डीफॉल्ट असलेल्या संगणकावर संपूर्ण मराठी मजकुराची कोणताही एक्सेप्शन (त्रुटीची सूचना) न येता प्रश्नचिन्हे होत. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट ठरले असले, तरी जुन्या आवृत्त्यांवर चालणारा कोड आजही भरपूर असल्याने एन्कोडिंग नेहमी लिहून द्यावे, असे माझे मत आहे. मजकुरासाठी मी फाइल्स वर्गातील न्यूबफर्डरायटर सुचवेन, कारण दिलेल्या एन्कोडिंगमध्ये न बसणारे अक्षर आले की तो गुपचूप प्रश्नचिन्ह न लिहिता एक्सेप्शन देतो.

चित्र, पीडीएफ किंवा झिप यांच्या बाबतीत मात्र विचार करण्यासारखे काहीच नाही: तेथे बाइट स्ट्रीमच हवा. जेपेग फाइल यूटीएफ-८ मजकूर समजून रीडरने वाचली आणि रायटरने लिहिली, तर अवैध बाइटांच्या जागी तीन बाइटांचे बदली-चिन्ह येते आणि मूळ चित्र परत मिळवता येत नाही.

वेगाच्या दृष्टीने, सुटे बाइट लिहिताना बफर्डआउटपुटस्ट्रीमचे वेष्टन आवश्यक आहे, कारण फाइलआउटपुटस्ट्रीमला स्वतःचा बफर (बाइट साठवून एकदम लिहिण्याची तात्पुरती जागा) नसतो.

मजकूर आणि बाइट या दोन्हींची गरज एकत्र येते तेव्हा, उदाहरणार्थ मराठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली तक्त्याची मजकूर फाइल) जीझिप करून, म्हणजे दाबून लहान करून, साठवताना, जीझिपआउटपुटस्ट्रीमवर यूटीएफ-८ सांगितलेला आउटपुटस्ट्रीमरायटर चढवावा आणि सर्व काही ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपताच स्ट्रीम आपोआप बंद करणाऱ्या रचनेत) उघडावे. रायटर बंद झालाच नाही, तर जीझिपचा शेवटचा भाग लिहिला जात नाही आणि फाइल अपुरी राहते.