संदर्भसूची: झोटेरो की हातानेच?

भाची पीएचडी करतेय. नियतकालिकाला संदर्भसूची एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे हवी. तिचा प्रश्न: झोटेरो (संदर्भ साठवून त्यांची सूची आपोआप बनवणारं सॉफ्टवेअर) शिकू, की सूची हातानेच टंकू?

खर्च दोन्हीकडे शून्य. झोटेरोची ३०० एमबी ऑनलाइन जागा फुकट असते, पीडीएफ चढवल्या की ती भराभर संपते, एवढंच.

श्रमांचं गणित निराळं. झोटेरोला सुरुवातीचे दोन-तीन दिवस द्यावे लागतात. पण लेख नाकारला गेला आणि पुढच्या नियतकालिकाला शिकागो शैली हवी असली, तर मेनूतून शैली बदलायची, काम झालं. हाताने केलेल्याला मात्र पुन्हा पहिल्यापासून स्वल्पविराम मोजत बसावं लागतं. मी बसलोय.

अचूकतेत झोटेरोवर डोळे मिटून विसंबू नये. एपीएत लेखाच्या इंग्रजी शीर्षकात पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द (आणि विशेषनामं) एवढेच मोठ्या अक्षराने. वेबवरून उचललेल्या नोंदीत प्रत्येक शब्द तसा असला, तर झोटेरो तो तसाच छापतं. मराठी पुस्तकांच्या नोंदी तर बहुधा स्वतःच भराव्या लागतात. आडनाव-नाव उलटसुलट झालं की अकारविल्हे बोंबलतं.

दहा-बारा संदर्भांचा एकच लेख, तोही बहुतांश मराठी ग्रंथांवर? हातानेच करा. प्रबंध असेल तर आजच झोटेरो उतरवून घ्या.