तीन दिवसांची तपासणी, एका दिवसाचा कोर्स

मॉन्टू टेस्ट म्हणजे क्षयाचा संसर्ग आहे का ते बघायला हातावर सुई टोचायची आणि दोन-तीन दिवसांनी तिथे आलेली गाठ मोजायची. तिच्या प्रशिक्षणाला माझं नाव गेलं ते हौसेने नाही. रजिस्टर बघायला आलेल्या डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या रीडिंगवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडे सगळ्यांच्या हातावर मोजून दहाच मिलिमीटर गाठ येते का?" शून्य, दहा, दहा, पंधरा, दहा. राग आला, पण उत्तर सुचलं नाही. सोळा वर्षं मी ही सुई टोचतेय. मला आता काय शिकवणार, असा तोरा घेऊनच मी कोर्सला गेले.

कोर्सचे दोन भाग आहेत. घरी बसून बघायचे साधारण दोन तासांचे व्हिडिओ, आणि नंतर एक पूर्ण दिवस प्रत्यक्ष सराव. आमच्या तुकडीत बारा जण होतो, बहुतेक नर्स, दोन लॅब टेक्निशियन आणि एक नवा डॉक्टर.

व्हिडिओ ठीक आहेत. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या कॉखने 1890 मध्ये ट्युबरक्युलिन, म्हणजे त्या जंतूंपासून काढलेला अर्क, हे क्षयावरचं औषध म्हणून जाहीर केलं, ते औषध म्हणून साफ फसलं, आणि पुढे 1907 मध्ये पिर्केने व 1908 मध्ये मॉन्टूने त्याच पदार्थापासून ही तपासणी तयार करून दाखवली, एवढा भाग मला आवडला. फसलेलं औषध शंभर वर्षांहून जास्त काळ तपासणी म्हणून टिकलंय. बाकी आवाज एकसुरी आहे आणि स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवतात. वायलबद्दलचा, म्हणजे ट्युबरक्युलिनच्या बाटलीबद्दलचा, भाग मात्र वगळू नका. 2 ते 8 अंशांत ठेवायची, उजेडापासून लांब, उघडल्याची तारीख वर लिहायची आणि 30 दिवसांनी टाकून द्यायची. सकाळी गर्दी असते म्हणून आम्ही सिरिंजा आधीच भरून ठेवायचो. ट्युबरक्युलिन सिरिंजच्या आतल्या भिंतीला चिकटत जातं, त्यामुळे हातात जातो तो डोस कमी भरतो, हे मला इथे पहिल्यांदा कळलं. कोणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

टोचण्याचा सराव सलाइनवर, एकमेकींच्या हातावर. 0.1 मिली, कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला, बेव्हल (सुईच्या टोकाची तिरकी कापलेली बाजू) वर, सुई कातडीला जवळजवळ आडवी. फिकट, संत्र्याच्या सालीसारखा दिसणारा 6 ते 10 मिलिमीटरचा फुगवटा आला तर जमलं. नाही आला तर सुई खोल गेली, आणि मग लगेच दुसरीकडे, निदान 5 सेंटीमीटर सोडून, परत टोचायचं. चोळायचं नाही, पट्टी लावायची नाही. इथे मी शेर होते. बारापैकी अकरा फुगवटे पहिल्या फटक्यात, आणि शेजारचा नवा डॉक्टर माझ्याकडे आदराने बघायला लागला. तो आदर जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला.

सुट्टीनंतर टेबलावर सिलिकॉनचे हात मांडले. प्रत्येकावर वेगवेगळ्या मापाच्या गाठी, काहींच्या भोवती लाल रंग फासलेला, काही रंगाशिवाय. प्रशिक्षक बाईंनी सांगितलं, मोजा, चिठ्ठीवर आकडा लिहा, शेजारच्याला दाखवू नका. मी तिसऱ्या हाताला 10 लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्या तर बारापैकी सात जणांनी 10 लिहिलेलं. खरी गाठ होती 13. चौथ्या हातावर भलामोठा लाल चट्टा होता, त्यावर कोणी 15, कोणी 18, मी 16. तिथे गाठ नव्हतीच. उत्तर 0.

लाली मोजायची नसते, कडकपणा मोजायचा असतो, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहूनही आले होते. पण डोळा लालीकडे जातो आणि बोट डोळ्याच्या मागे जातं. बाईंनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि बोटाच्या टोकाने चाचपायला सांगितलं. मग बॉलपेनची रीत दाखवली: गाठीच्या बाहेरून पेन हळूहळू आत आणायचं, जिथे अडेल तिथे थांबायचं, दुसऱ्या बाजूनेही तसंच, आणि दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर मोजायचं, तेही हाताच्या आडव्या दिशेने, लांबीच्या नाही. पेनाची रेघ ओढली की दहाच्या आकड्याचा मोह आपोआप सुटतो. पेन जिथे अडतं तिथेच अडतं. त्या एका तासासाठी या कोर्सची मी कोणालाही शिफारस करेन.

रीडिंग लिहायचं ते मिलिमीटरमध्येच. गाठ नसेल तर '0 मिमी', नुसतं 'निगेटिव्ह' नाही. कारण 7 मिलिमीटर गाठ एकाला काहीच नसते आणि एचआयव्ही असलेल्याला किंवा क्षयरोग्यासोबत राहणाऱ्याला 5 पासून पुढे सगळं पॉझिटिव्ह धरावं लागतं. निर्णय नंतर कोणीतरी घेणार, त्याला आकडा हवा. आम्ही मात्र आकडा गिळून शेरा लिहायचो.

दोन टप्प्यांच्या तपासणीवरचा भाग माझ्या जिव्हारी लागला. नोकरीला लागताना माझी मॉन्टू 4 आली होती. वर्षाने परत केली तर 12. त्या वेळी मी जिथे होते तिथे सगळ्यांनी एका तोंडाने सांगितलं, वॉर्डातूनच संसर्ग झाला. एक्स-रे स्वच्छ आला, तरी डबा खायला माझ्या शेजारी कोणी बसेना. कोर्समध्ये कळलं की जुन्या संसर्गाची किंवा बीसीजीची (क्षयावरच्या लसीची) आठवण शरीरात विझत आलेली असू शकते. पहिली सुई ती चाळवते आणि दुसरीला गाठ मोठी येते. म्हणूनच ज्यांची तपासणी पुन्हा पुन्हा होणार, त्यांची सुरुवातीलाच 1 ते 3 आठवड्यांच्या अंतराने दुसरी करून घ्यायची. माझ्या बाबतीत ते होतं की खरोखरच नवा संसर्ग, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. नोकरीला लागतानाच दुसरी सुई टोचली असती तर सांगता आलं असतं.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. ही तपासणी 48 ते 72 तासांनी वाचायची असते. तीन दिवसांची तपासणी शिकवणारा कोर्स एका दिवसात संपतो! सलाइनचा फुगवटा चहा पिऊन होईपर्यंत विरून जातो, त्यावर वाचायला काही उरत नाही. सिलिकॉनची गाठ कडेला स्वच्छ संपते. माणसाच्या हातावरची तशी संपत नाही, सुजेत मिसळते, सुरकुतलेल्या कातडीत हरवते, कधी मध्येच फोड येतो. तिसऱ्या दिवशी तासाभरासाठी बोलावून खरे हात दाखवले असते तरी चाललं असतं. मी अभिप्रायाच्या फॉर्मवर हे लिहिलं तर उत्तर आलं, "सूचनेबद्दल आभार."

पेशंट परत आलाच नाही तर काय, यावर एक स्लाइड आहे: 'पुन्हा तपासणी करावी'. बरोबर आहे, पण गुरुवारी टोचलं की वाचायला शनिवार-रविवार उजाडतो, आणि त्या दिवशी टेबलावर कोण बसणार, हे कोणी बोललं नाही. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाशी काय बोलायचं, तेही नाही. त्याला पहिल्यांदा हेच ऐकायचं असतं की ही तपासणी संसर्ग सांगते, आजार नाही. इएसएटी-6 आणि सीएफपी-10 या क्षयजंतूच्या प्रथिनांवर आधारलेल्या नव्या त्वचा तपासण्यांना जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मान्यता दिली, बीसीजीमुळे त्या फसत नाहीत. त्यांचा उल्लेख शेवटच्या पाच मिनिटांत उरकला. सुई आणि मोजपट्टी त्यातही लागतेच, तेव्हा अर्धा तास द्यायला हरकत नव्हती.

शेवटची परीक्षा वीस प्रश्नांची, पर्याय निवडायचे. व्हिडिओ न बघताही पास व्हाल. प्रमाणपत्रासाठीच जाणार असाल तर घाई नको, आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलींना मात्र पाठवाच, चुकीची सवय लागायच्या आत.

वॉर्डात परतल्यावर कोर्सने जे सोडलं ते आम्ही आमच्यापुरतं जोडून घेतलं. प्रत्येक हात दोघी वेगवेगळ्या वाचतो, आकडे चिठ्ठीवर, मग रजिस्टरमध्ये. पहिल्या आठवड्यात आमच्या दोघींत पाच-पाच मिलिमीटरचा फरक पडायचा आणि तिथल्या तिथे परत पेन काढावं लागायचं. आता एक-दोनवर आलोय. गेल्या पानावर 7 आहे, 13 आहे, दोनदा 0 आणि एक 11. दहा एकच आहे, आणि तो मी तीनदा मोजलाय.